न्हाणीमागचं अ‍ॅस्परॅगस

“घे, झालं काम!” तात्यांनी हिरवं झालेलं अंगठ्याचं नख लेंग्याला पुसलं. “आता पंधरा दिवसांत बघ कसं गच्च भरतंय.”

मी शाळेतून नुकतीच आले होते. दप्तर अजून पाठीवरच होतं. ओट्याच्या कडेला माझी अ‍ॅस्परॅगसची कुंडी, आणि खाली फरशीवर हिरव्या शेंड्यांचा सडा. मी फांद्या मोजल्या. सोळा. सोळाच्या सोळा फांद्यांचे शेंडे गायब.

“तात्या...” मी म्हणाले. त्यापुढं काही नाही.

तेव्हा मी अशीच होते. सातवीत होते. हजेरीला माझं नाव आलं की ‘हजर’सुद्धा शेजारची मैत्रीण म्हणायची. आता दहावीत आहे, आणि घरातले विचारतात, हिला बंद करायचं बटण कुठंय? तर ते बटण कसं मोडलं, त्याची ही गोष्ट.

तात्या म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ. आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा आणि गावात त्यांची शेवंती पहिली. अकरा वर्षं तालुक्याच्या पुष्पप्रदर्शनात शेवंतीचा पहिला नंबर दुसऱ्या कुणाला मिळालाच नव्हता. आणि शेवंतीचं सगळं गुपित त्यांच्या अंगठ्यात. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा. एका शेंड्याच्या जागी चार फुटवे. पुन्हा खुडायचं, पुन्हा फुटवे. तात्या मळ्यातून नुसते चालत गेले तरी त्यांचा अंगठा आपोआप चालायचा. परसातली तुळस, शेजाऱ्यांचा मोगरा, एकदा तर बँकेच्या दारातलं जास्वंद. सगळ्यांचं भलं करत फिरायचे.

“अगं, तोंड का पाडलंस?” ते म्हणाले. “तुझ्या आईचा नंबर यायला पायजे ना? मग! हे असं चार काड्यांचं झिपरं घेऊन जाणार का तालुक्याला? शेवंती काय, झेंडू काय, शेंडा मोडल्याबिगर झाड भरत न्हाय.”

आणि तो नंबर म्हणजे काही गंमत नव्हती. आई आमच्या गावाजवळच्या एका पॉलिहाऊसमध्ये कामाला जायची. तिथं अ‍ॅस्परॅगसचा मोठा पट्टा होता. अ‍ॅस्परॅगस म्हणजे आपल्या शतावरीचीच शोभेची बहीण. लग्नातल्या गुच्छात गुलाबांच्या मागं ते हिरवं धुकं असतं ना, तेच. तिथून आईनं टाकून दिलेला एक गड्डा आणला, कुंडीत लावला आणि माझ्या ताब्यात दिला. मग गणपतीत, ओट्यावर सगळे बसलेले असताना, ती पदर सावरून आतून म्हणाली होती, “विहिरीकडची शेडनेट मोकळीच आहे. मी तिथं अ‍ॅस्परॅगस लावू का? माझं मी बघीन. दुसऱ्याच्यात राबण्यापेक्षा...”

तात्यांनी चहाचा कप खाली ठेवला होता. “गवत लावायला शेडनेट? निशीच्या आईला काय खूळ लागलंय?” पप्पा जमिनीकडे बघत होते. ते थोरल्या भावापुढं कायम जमिनीकडेच बघतात. शेजारचे झगडेकाका हसले. बघणारे हसले की तात्यांना चेव येतो. “बरं, आसं करू. ह्या गवताचा तालुक्याला नंबर काढून दाखवा. शेडनेट तुमची. मी परत तिकडं फिरकणार न्हाय. झगडे, तुम्ही ऐकलंय.”

झगडेकाकांनी ऐकलं होतं, म्हणजे गावानं ऐकलं होतं. आता तात्यांना मागं फिरता येणार नव्हतं, आणि आम्हालाही.

संध्याकाळी आई कामावरून आली. तिनं कुंडी बघितली आणि डबा हातात घेऊन तशीच पायरीवर बसली.

“तात्यांनी?”

मी मान हलवली.

“असू दे,” ती म्हणाली. “भाऊजींचा हात गुणाचा आहे. फुटेलही.”

नाही फुटलं. मी प्रत्येक फांदीला लोकरीचा एकेक लाल धागा बांधला आणि रोज शाळेत जायच्या आधी कंपासमधल्या पट्टीनं मोजायला लागले. वहीच्या मागच्या पानावर सोळा रकाने. पहिला दिवस, तिसरा, सातवा. एक मिलिमीटरही नाही. चार फुटवे सोडा, एक डोळासुद्धा फुगला नाही. कापलेल्या टोकांपासून खालपर्यंत हळूहळू पिवळं पडायला लागलं. कुणी हात लावला की ती बारीक सुईसारखी पानं झडायची.

बाराव्या दिवशी आई माझ्या मागं येऊन उभी राहिली.

“काय लिहितेस गं रोज?”

मी वही दाखवली. आईनं सगळे रकाने बोट फिरवून वाचले. सगळीकडे तेच आकडे. मग एकदम तिचं बोट थांबलं.

“निशे, आम्ही तिकडं हे कापतो ना, ते कायम बुडातून. अगदी मातीला टेकवून कात्री लावायची. मधूनच कापलं तर सुपरवायझर अंगावर येतो. म्हणतो, थोटूक ठेवू नका, ते परत वाढत नाही, नुसतं जागा अडवतं. मी पाच वर्षं ऐकतेय. कधी डोक्यातच आलं नाही, असं का.”

“म्हणजे नवं खालून येतं?” मी म्हणाले. “मातीतनं?”

आम्ही दोघींनी कुंडीच्या कडेची माती बोटांनी उकरली. आत छोट्या बटाट्यांसारख्या पांढऱ्या गाठी. एकीला नख लावलं तर आतून पाणी आलं. वर सगळं वाळत होतं आणि खाली गड्डा बाई एवढा साठा करून बसलेला!

“घरातली कात्री आण,” आई म्हणाली.

“तात्या काय म्हणतील?”

“आण तू.”

पहिली फांदी आईनं कापली. दुसरीपासून तिनं कात्री माझ्या हातात दिली. सोळा फांद्या, सोळा वेळा कच्. शेवटी कुंडीत उरली फक्त माती, आणि माझ्या मांडीवर लाल धागे बांधलेली सोळा पिवळी झिपरी.

तात्या संध्याकाळी मळ्यातून आले आणि कुंडीपुढं थबकले.

“ह्ये काय? टक्कल केलं?”

मी पिवळी झिपरी पाठीमागं सरकवली.

“आगं, मी चांगलं वळणावर आणलं होतं! आता प्रदर्शनाला काय घेऊन जाणार? कुंडीवर टोपी घालून जाणार?” पप्पांना हसू आलं, ते त्यांनी मिशीत दाबलं. तात्या खाली वाकले, मातीवर बोट फिरवलं, आणि खरोखर वाईट वाटल्यासारखं म्हणाले, “एखादा कोंब आला तर मला सांग गं निशे. मी बघतो. येळेवर खुडला तर अजून काही होईल.”

तात्या वाईट नव्हते, हेच तर संकट होतं. त्यांना मदत करायची होती. आता कोंब आला की तो अंगठा येणार म्हणजे येणारच.

“कुंडी लपवायची,” मी रात्रीच्या भाकऱ्या थापणाऱ्या आईला म्हणाले. “पण कुठं? तात्या तर सगळीकडे फिरतात.”

आईनं भाकरी तव्यावर टाकली आणि एकदम हसली. पोरीसारखी. “एक जागा आहे. तिकडं ते मेले तरी जायचे नाहीत.”

आमच्या न्हाणीच्या मागं, भिंत आणि चिकूच्या झाडामध्ये, चार हात रुंद बोळ आहे. तिथं बायकांचे कपडे वाळतात. थोरला दीर त्या बाजूला पाऊल टाकत नाही, मानही वळवत नाही. खोकून, लांबून वळसा घालून जातो. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही कुंडी तिथं नेली, आईच्या साड्यांच्या पडद्यामागं. आणि ती जागा काय निघाली म्हणून सांगू! सकाळचं कोवळं ऊन दोन तास, मग चिकूची सावली. न्हाणीच्या झरोक्यातून दिवसभर वाफ. थंडीतही तिथं उबदार. मी रोज मातीत बोट घालून बघायची. दोन पेरं कोरडं लागलं तरच पाणी, नाहीतर नुसता फवारा. आठवड्यातून एकदा शेणाच्या पाण्याची पातळ निवळी.

एक आठवडा काही नाही. दोन आठवडे काही नाही. आई विचारायची नाही, पण अंघोळीहून आली की माझ्याकडे बघायची आणि मी मान हलवायची.

एकोणिसाव्या दिवशी मी बोळात एवढ्या जोरात किंचाळले की आई केस पुसत धावत आली. मातीतून एक कोंब वर आला होता. उदबत्तीच्या काडीएवढा, जांभळट, टोकाला खवले-खवले असलेला. पान नाही, फांदी नाही, सरळ उभी काडी. त्याच्या शेजारी दुसऱ्यानं माती उचलली होती. आम्ही दोघी ओल्या फरशीवर बसून त्याच्याकडे बघत राहिलो.

“काय झालं गं?” बाहेरून तात्यांचा आवाज. “साप निघाला का?”

“नाही भाऊजी, पाल!” आई ओरडली आणि पदर तोंडात कोंबून हसायला लागली.

त्या आठवड्यात नऊ आले. संक्रांतीपर्यंत तेवीस. काडी आधी नुसतीच उंच जायची आणि मग एका सकाळी बघावं तर वरून उलगडायला लागलेली, जाळीच्या पंख्यासारखी, एकावर एक थर. प्रत्येक फांदी टोकापर्यंत अखंड. मी त्यांना हातसुद्धा लावायची नाही, फक्त खाली बसून बघायची.

फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी पहाटे कुंडी बाहेर आली. टेम्पोत तात्यांच्या शेवंतीच्या नऊ कुंड्या आधीच चढल्या होत्या. तात्यांनी आमचं झाड बघितलं आणि त्यांच्या हातातला कंदील वाटेतच थांबला.

“आरं तिच्या! म्हणलं नव्हतं? खुडलं म्हणून! माझा हात हाय ह्यो.” ते टेम्पोवाल्याकडे वळले. “बघ गड्या, गवतसुद्धा भरवलं आपण.”

मी आईकडे बघितलं. आईनं डोळ्यांनी ‘असू दे’ म्हटलं. प्रवेशाचे फॉर्म दरवर्षीसारखे तात्यांनीच भरले होते. दहाच्या दहा कुंड्या तात्यांच्या एकट्याच्या नावावर: दत्तात्रय गेनबा रासकर. आमच्या घरातून जे काही जातं, ते त्याच नावानं जातं. ते चुकीचं आहे असं कुणाला वाटायचंच नाही. मलाही नाही.

प्रदर्शन एका शाळेच्या मैदानावर होतं. मांडवात पायऱ्यापायऱ्यांचे बाक, त्यावर कुंड्या, प्रत्येकीला नंबरचा पुठ्ठा. परीक्षण चालू असताना दोरीच्या आत फक्त प्रदर्शक आणि एक मदतनीस. मदतनीस मी, हातात फवारा घेऊन. आई दोरीबाहेर गर्दीत होती, डोक्यावर पदर, झगडेकाकांच्या मागं. पप्पा फुलं घेऊन मार्केटला गेले होते.

परीक्षक होत्या पेंढारकर मॅडम. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, पांढरे कापलेले केस, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग. कुंडीपुढं थांबायच्या, झाडाशी बोलल्यासारखं पुटपुटायच्या आणि मग मालकाला दोन प्रश्न विचारायच्या. कारण लोक आदल्या दिवशी नर्सरीतून तयार झाड आणून ठेवायचे. तसं कुणी सापडलं तर त्याच्या सगळ्याच कुंड्या बाद, असा नियम फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेला होता.

शेवंतीला त्यांनी मान डोलावली. मग शोभेच्या पानांच्या गटाकडे आल्या आणि आमच्या कुंडीपुढं थांबल्या. खूप वेळ थांबल्या. भिंग डोळ्याला लावलं, काढलं. कुंडी सावकाश गोल फिरवली.

“अप्रतिम,” त्या म्हणाल्या. “एका बाजूनं नाही, चारही बाजूंनी सारखं. रासकर, हे तुम्ही वाढवलंत?”

“व्हय मॅडम.”

“मग एवढं भरगच्च कसं केलंत?”

तात्यांनी छाती पुढं काढली. अकरा वर्षं ज्या उत्तरावर नंबर मिळत होता तेच उत्तर त्यांनी दिलं. “शेंडे खुडले, मॅडम. सगळे. ह्या अंगठ्यानं.”

मॅडमची पेन्सिल कागदावर टेकलेली होती. ती वर उचलली गेली.

“खुडले?”

“सोळाच्या सोळा.”

“रासकर,” मॅडम शांतपणे म्हणाल्या, “या झाडाची एकही फांदी खुडलेली नाही. अ‍ॅस्परॅगसची फांदी एकदा खुडली की संपली, तिथून ती कधी वाढत नाही. तुम्ही खुडलं असतंत, तर आज तुमच्याकडे थोटकांची कुंडी असती. हे झाड ज्यानं वाढवलंय त्याला हे माहीत आहे. तुम्हाला माहीत नाही. कुठल्या नर्सरीतून आणलंत?”

तात्यांनी एकदा झाडाकडे बघितलं, एकदा अंगठ्याकडे. मी त्यांना असं कधीच बघितलं नव्हतं. मॅडमनी पेन्सिल फिरवून घेतली आणि तिचा रबर आमच्या नंबरवर ठेवला. तो एक नंबर गेला की शेवंतीच्या नऊ कुंड्या गेल्या, आणि विहिरीकडची शेडनेटही. दोरीपलीकडे आईचा पदर खाली सरकला होता आणि ती तो वर घेत नव्हती.

मग मला एक आवाज ऐकू आला. खूप मोठा, थोडा चिरका. तो माझा होता.

“मॅडम, थांबा! ते खुडलेलं आम्ही कापून टाकलं!”

सगळा मांडव माझ्याकडे वळला. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं.

“तात्या खरं बोलतायत,” मी म्हणाले. “त्यांनी खुडलंच होतं. सोळा फांद्या. मी बारा दिवस पट्टीनं मोजल्या, एक मिलिमीटर वाढल्या नाहीत. मग आम्ही सगळ्या बुडातून कापल्या. मातीला टेकवून. तात्यांना पुढचं माहीत नाही, कारण कुंडी न्हाणीच्या मागं होती आणि तिकडं ते येत नाहीत!”

कुणीतरी फिस्सकन हसलं. मी थांबले नाही. मला थांबताच येत नव्हतं.

“पहिला कोंब कधी आला?” मॅडमनी विचारलं.

“एकोणिसाव्या दिवशी. जांभळट होता.”

“रोज पाणी घालत होतीस?”

“नाही! दोन पेरं माती कोरडी लागली तरच. खाली गाठी असतात ना, बटाट्यासारख्या. त्यात पाणी असतं. रोज घातलं तर त्या कुजतात.”

“ऊन?”

“सकाळचं दोन तास. दुपारचं नाही, पिवळं पडतं.”

मॅडमनी पेन्सिल पुन्हा सरळ केली. “बुडातून कापायचं कुणी शिकवलं तुला?”

मी हात लांब करून दोरीपलीकडे दाखवलं. “आईनं. ती पाच वर्षं पॉलिहाऊसमध्ये हेच कापते.”

“त्यांना आत बोलवा.”

झगडेकाकांनी दोरी वर धरली. आई वाकून आत आली. मॅडमनी विचारलेल्या तीन प्रश्नांची तिनं तीन उत्तरं दिली, एकेका वाक्यात, आणि प्रत्येक उत्तराला मॅडमची मान हलली.

“झाड यांचं आणि या मुलीचं,” मॅडम म्हणाल्या. “मग फॉर्मवर तुमचं नाव कसं, रासकर?”

आता तात्या काय करणार, हे मला खरंच माहीत नव्हतं. ते कुंडीजवळ आले. खाली वाकून फांद्यांच्या बुडाशी बघितलं, जिथून एकही थोटूक डोकावत नव्हतं. मग सरळ उभे राहिले आणि टोपी काढली.

“चूक झाली, मॅडम. माझं खोडा. तिचं लिहा.”

“पूर्ण नाव सांगा.”

आमच्यात थोरला दीर धाकट्या भावाच्या बायकोचं नाव घेत नाही. तेरा वर्षं तात्यांनी आईला ‘निशीची आई’च म्हटलं होतं, तेही दुसऱ्या कुणाकडे बघून. त्यांनी घसा साफ केला. आईनं मान वर केली.

“शालन,” तात्या म्हणाले. मग मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, “शालन बाळासाहेब रासकर. आन् पोरीचं पण लिहा. निशिगंधा.”

मॅडमनी दोन्ही नावं लिहिली आणि नावांपुढं एक आकडा घातला. मी फवारा तसाच हातात धरून उलटा वाचला. एक. एक! मी एवढ्यांदा ओरडले की फवाऱ्याचं बटण दाबलं गेलं आणि पेंढारकर मॅडमचा चष्मा ओला झाला. त्या हसल्या म्हणून वाचले.

येताना टेम्पोत तात्या पुढं बसले नाहीत. मागं आमच्याबरोबर कुंड्यांमध्ये बसले. मग शेवंतीकडे बघत म्हणाले, “बाळ्याची पोरगी लई बोलायला लागली.” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती.

दुसऱ्या दिवशी आई कामावर गेली नाही. सकाळी मी शाळेला निघाले तेव्हा ती विहिरीकडच्या शेडनेटमध्ये होती, साडीचा ओचा खोचून. ओळी आखायच्या होत्या. एका टोकाला खुंटीला दोरी बांधलेली. दुसरं टोक धरून तात्या उन्हात उभे होते आणि त्यांना कुठं उभं राहायचं ते नीट कळत नव्हतं.

आईनं ओळीवर डोळा लावला आणि म्हणाली, “भाऊजी, अजून दोन पावलं मागं सरा. दोरी ढिली पडतेय.”

तात्या दोन पावलं मागं सरले.